लहानपणापासून लाजाळू आहे, चार लोकांत बोलता येत नाही. आत्मविश्वास कसा आणू?

तुम्ही लिहिलंय की वय 24, पदवी झाली आहे, पण मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही. आधी हा लाजरेपणा जाऊ दे, मग नोकरीचं बघू, असं तुम्हाला वाटतंय. मला त्या ‘आधी’बद्दलच सांगायचं आहे. मी एसटीत वाहक आहे, 17 वर्षं झाली. रोज शेकडो माणसांशी बोलते. लाजरेपणा मात्र आधी गेला नव्हता, तो माझ्याबरोबरच गाडीत चढला होता.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातलं. घरी पाहुणे आले की मी धान्याच्या कणगीमागे. आईने चहा नेऊन द्यायला सांगितलं तर कप उंबऱ्यावर ठेवून पळायचे. शाळेत ‘हजर’ इतकं हळू म्हणायचे की गुरुजी गैरहजेरी मांडायचे, आणि उठून ‘मी आहे’ म्हणणं तर त्याहून अवघड. सातवीत 15 ऑगस्टच्या भाषणाला उभी राहिले. ‘येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. मुलं हसली ते मी विसरले. पण घरातली मोठी माणसं दर पाहुण्यासमोर म्हणायची, ‘ही मुखदुर्बळच आहे हो,’ ते विसरले नाही. कौतुकानेच म्हणायची बिचारी, पण मला ते माझं दुसरं नावच वाटायला लागलं. तुमच्या घरात असं मूल असेल तर त्याच्या देखत हे कुणाला बोलू देऊ नका. हात जोडून सांगते.

वाहकाची नोकरी मी आवडीने घेतली नाही. घरी गरज होती, जागा निघाल्या होत्या, म्हणून लायसन्स-बिल्ला काढला. पहिली फेरी सकाळी सहाची, गाडी खचाखच भरलेली, आणि ‘तिकीट’ हा शब्द घशातून निघेना. चालक मामांनी आरशातून बघितलं. पहिल्या थांब्यावर गाडी उभी करून म्हणाले, ‘ताई, बोलवत नसेल तर नुसतं समोर उभं राहा. लोक आपणहून पैसे काढतात.’ तीन दिवस मी तेच केलं. चौथ्या दिवशी शब्द आला.

मग एक दिवस एका दांडग्या माणसाने 500 ची नोट पुढे केली आणि सुट्ट्यांवरून आवाज चढवला. माझे पाय कापत होते, तरी म्हणाले, ‘आत्ता सुट्टे नाहीत. तिकिटामागे बाकी लिहून देते, उतरताना घ्या.’ त्याने तिकीट घेतलं आणि बसला. संपलं. भीती वाटली की छातीत धडधड चढते, पण जागेवर थांबलं तर थोड्या वेळाने ती आपोआप उतरते. पळ काढला तर तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, मात्र पुढच्या वेळी पळावंसं आणखी वाटतं. मला पळायला जागाच नव्हती. दार बंद आणि गाडी घाटात.

इथेच गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ‘बोला, सवय होईल’ एवढंच लिहिलं असतं. पण पाच वर्षांनी चुलतबहिणीच्या लग्नात मी साडी नेसून मांडवात बसले आणि पुन्हा तशीच गप्प झाले. नवऱ्याकडच्या बायका विचारपूस करत होत्या, मी खाली बघत होते. त्या रात्री खूप रडले. गाडीत बोलत होती ती खाकी, मी नव्हेच, असं वाटलं.

पुढे आमच्या एका प्रशिक्षणात समुपदेशक बाई आल्या होत्या. त्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. हा मुलगा 19 व्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचा. त्याने ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचं. 130 जणींपाशी गेला. 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, ती आलीच नाही. पण आपल्याला काही होत नाही, हे त्याला कळलं. याच माणसाने पुढे सांगितलं की कामाला गुण द्या, स्वतःला देऊ नका. मराठीत हा विचार मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी फार जिव्हाळ्याने समजावला आहे.

मला तो माझ्या वेबिलावरून, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशेबाच्या कागदावरून, कळला. रोज आगारात रोकड भरताना तिकिटांचा हिशेब लागतो, कमी पडले तर पदरचे भरते. पण तो हिशेब पैशांचा, माझा नव्हे. मी मात्र लहानपणापासून प्रत्येक प्रसंगानंतर माझाच हिशेब मांडत आले होते: आज बोलले म्हणजे बरी, नाही बोलले म्हणजे टाकाऊ. तो मांडायचं थांबवल्यावर लग्नाकार्यात जाणं सोपं झालं. अजूनही मी तिथे कमीच बोलते. पण आता मान वर असते.

गांधीजींचंही असंच होतं. लंडनला शाकाहारी मंडळाच्या समितीत असताना त्यांना बोलता यायचं नाही. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले, डोकं गरगरलं, आणि खाली बसले. फी परत केली. दक्षिण आफ्रिकेत त्यांचा संकोच सुटला, तरी पुरता कधीच गेला नाही, असं त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिलंय.

तेव्हा मुलाखतीसाठी लाज जाण्याची वाट बघू नका. स्वतःची ओळख करून देणारी पहिली तीन वाक्यं घरात मोठ्याने इतक्यांदा म्हणा की झोपेतही येतील. सुरुवात जमली की पुढचं सुचतं. शक्य असेल तर वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा चौकशीच्या खिडकीत, म्हणजे जिथे बोलल्याशिवाय चालतच नाही, असं काम करा. मुलाखत फसली तर ती मुलाखत फसली, एवढंच वहीत लिहा. आणि भीतीने घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, झोप-जेवण गेलं असेल, तर 14416 ला फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि उद्या एसटीत बसलात तर वाहकाला विचारा, ‘गाडी किती वाजता पोचेल?’ माहीत असलं तरी विचारा. आवाज कापला तरी चालेल, आम्हाला ऐकायची सवय असते.