खून कॅमेऱ्यासमोर झाला, मग दिसला कसा नाही?

टीव्हीवरच्या कुकिंग स्पर्धेत घडणारी मर्डर मिस्ट्री लिहायचीय अशी पत्रं बरेच दिवस येतायत आणि मी ती बाजूला ठेवत होते. आता ढीग झालाय, त्यामुळे या वेळी सगळं सदर त्यालाच देऊन टाकते.

प्रश्न : ताई, माझ्या कथेत फायनलला मुख्य जज पहिला घास खातो आणि कॅमेऱ्यासमोरच कोसळतो. ग्रुपमध्ये वाचून दाखवलं तर सगळे म्हणाले की हे शंभर वेळा झालंय. सीन काढून टाकू का? आणि विष कुठलं दाखवू, सायनाइड चालेल ना?

सीन अजिबात काढू नका, वाचक त्यासाठीच तर कथा हातात घेतो. अडचण दुसरीकडे आहे. घास खाल्ला आणि माणूस पडला की डिश बनवणारा स्पर्धक पहिला संशयित, आणि फायनलपर्यंत पोचण्याएवढी अक्कल असलेला माणूस स्वतःच्या नावाच्या प्लेटमध्ये, सगळ्या युनिटसमोर विष कशाला घालेल, म्हणून वाचक त्याला तिथल्या तिथे सोडून देतो. वर एकाच प्लेटमधून सगळे जज खातात, मग एकटाच कसा मेला? ते उत्तर चमच्यात असू शकतं, मधे तोंड साफ करायला ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात असू शकतं, आणि चमचे-ग्लास कोण मांडतं हे घरी बसून शो बघणाऱ्याला कधीच दिसत नाही. झाले की नाही संशयित वाढले?

सायनाइड मिनिटांत काम करतं हे खरंय, पण उकळत्या आंबट सॉसमध्ये ते घातलं तर त्याचा वायू सुटतो (हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं), म्हणजे जजच्या आधी शेगडीसमोर उभा असलेला खुनीच आडवा व्हायचा. कडू बदामासारखा वास येतो हे सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं, पण तो वास बऱ्याच जणांना जन्मतःच येत नाही. हे मात्र मस्त वापरता येईल. माझं नाक किती तिखट म्हणून सीझनभर मिरवणाऱ्या शेफला नेमका हाच वास आला नाही, आणि तो खरं बोलतोय यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

तरी मला विचाराल तर उशिरा काम करणारं विष घ्या. डेथ कॅप नावाचं मशरूम खाल्लं की साधारण ६ ते १२ तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग मधे बरं वाटतं, आणि त्याच वेळात आतून लिव्हरची वाट लागत असते. शिजवून ते विष जात नाही. (उलट रिसिन हे एरंडाच्या बियांतलं विष म्हणजे प्रोटीन आहे, पुरेशी उष्णता लागली की निकामी होतं, त्यामुळे बेक केलेल्या केकमधल्या रिसिनने जज मेला असं लिहिलंत तर विज्ञान शिकलेले वाचक तुम्हाला सोडणार नाहीत.) आता तो मधला बरं वाटण्याचा काळ बघा. जज दोन दिवस पोट बिघडलं म्हणून झोपून होता, आज बरं वाटतंय म्हणून हट्टाने फायनलच्या शूटिंगला आला, घास घेतला आणि कोसळला. सगळे त्या घासाच्या मागे लागलेत आणि ज्याने खरं खाऊ घातलं तो स्पर्धक आधीच्याच राउंडला बाहेर पडून घरी गेलाय. तुमचा ओळखीचा सीन तसाच राहतो, फक्त त्याचा अर्थ बदलतो.

प्रश्न : सेटवर इतके कॅमेरे, इतके लोक. अशा ठिकाणी कोणी गुपचूप काही करेल कसं? मी तर प्लॉट सोडायच्या बेतात आहे.

अहो, या सेटिंगचा खरा माल इथेच तर आहे! कॅमेरे आहेत म्हणजे सगळं दिसतं असं आपण धरून चालतो, पण कॅमेरामन बघतो चेहरे, पॅनमधून उठलेली ज्वाळा, घड्याळाकडे टाकलेली घाबरी नजर. काउंटरखालचा ड्रॉवर कोण दाखवतंय? आणि आपण बघतो तो एपिसोड तासाभराचा, त्यामागचं शूटिंग दिवसभराचं. टायमर वाजतो, सगळे हात वर करतात, पुढच्याच सेकंदाला प्लेट जजसमोर. प्रत्यक्षात या दोन्हीच्या मधे बराच वेळ जातो, लाइट बदलतात, प्रत्येक डिशचे क्लोजअप घेतात, जेवण बऱ्याचदा गार झालेलं असतं, आणि तोवर प्लेट्स टेबलावर आणि आजूबाजूला दहा माणसं ये-जा करतायत. एपिसोडमध्ये जिथे कट आहे तिथे तुमचा खून बसवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ते एकेकट्याचे इंटरव्ह्यू. "माझे हात थरथरतायत, मला काहीच सुचत नाहीये" असं स्पर्धक म्हणतो तेव्हा ते त्याच क्षणी बोलल्यासारखं वाटतं, पण तो शॉट नंतर घेतलेला असतो, कधी दुसऱ्या दिवशी, तेच कपडे परत घालून. मग समजा एकजण इंटरव्ह्यूत बोलता बोलता असं काही सांगून जातो जे त्या वेळी त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं... पहिल्यांदा वाचताना वाचकाच्या डोक्यावरून जाईल, आणि शेवटी तोच वाचक पानं मागे उलटत बसेल.

एडिटरही साधा नसतो. एका दिवशीचं अर्धं वाक्य आणि दुसऱ्या दिवशीचं अर्धं जोडून तिसरंच वाक्य तयार करता येतं, त्यावर कपाटाच्या दाराचा एखादा शॉट टाकला की जोड दिसत नाही. "मी त्याला सोडणार नाही" हे प्रोमोमधलं वाक्य मुळात बसलेल्या केकबद्दल होतं, पोलीस मात्र त्यावरच निरपराध माणसाला उचलतात. अशी फजिती दाखवायला मला तरी फार आवडेल.

आणि माईक विसरू नका. स्पर्धकाच्या कॉलरला लावलेला माईक कॅमेरा वळला तरी चालूच असतो, साउंडवाल्याच्या हेडफोनमध्ये भांडणं, रडणं, फोनवरची कुजबुज सगळं येतं आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा साठवला जातो. कॅमेरे आणि साउंड एकाच टाइमकोडवर जुळवलेले असतात, तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम, त्यामुळे कोण कुठल्या क्षणी कुठे होतं हे रॉ फुटेजमधून काढता येतं. एखाद्या कॅमेऱ्याचा टाइमकोड बॅटरी बदलताना चुकला असेल तर 'मी तेव्हा दुसरीकडेच होतो' अशी पक्की वाटणारी अ‍ॅलिबी कोसळते, किंवा उलट. म्हणून मी सारखी सांगते की या प्रकारच्या कथेत खुनी न दाखवलेल्या फुटेजमध्ये शोधायचा, विषाचं नाव काहीही असो.

प्रश्न : मी हॉस्पिटलमध्ये काम करते. अ‍ॅलर्जीने खून दाखवला तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल का?

वाटेल, जर अ‍ॅलर्जी शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा कळली तर. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले होते, त्यात कोणाला माहीतच नसलेलं विष नको आणि शेवटी लांबलचक वैज्ञानिक खुलासा करावा लागेल असं साधन नको, असं एक कलम आहे. बाकीचे काही नियम आज हसू येईल असे आहेत पण हा अजून टिकून आहे. त्यामुळे अ‍ॅलर्जी आधीच एखाद्या हलक्याफुलक्या सीनमध्ये पेरा, जज एक डेझर्ट न चाखताच पुढे सरकवतो आणि बनवणारा चिडतो, एवढं पुरे.

अशा शोमध्ये अ‍ॅलर्जीची माहिती आधीच फॉर्मवर घेतलेली असते, म्हणजे तो कागद प्रॉडक्शन ऑफिसमध्ये कोणी कोणी पाहिला ही तुमची संशयितांची यादी. खरा क्लू मी दाण्यांच्या पावडरमध्ये ठेवणार नाही, अ‍ॅड्रेनलिनच्या पेनमध्ये (जोराची रिअॅक्शन आली की लगेच टोचायचं इंजेक्शन) ठेवीन, ते जागेवर नव्हतं की वापरून परत ठेवलेलं होतं? आणि तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण रिअ‍ॅक्शन ओसरल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते ना, त्या मधल्या तासांत सगळे निर्धास्त होऊन पॅकअप करतायत, खुनी सोडून.

प्रश्न : विषाशिवाय काही सुचवा ना.

लिक्विड नायट्रोजन. धूर सोडणारी डेझर्ट्स करायला सेटवर ते आणतातच, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. उणे १९६ अंशाचं हे द्रव, १ लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, आणि बंद स्टोअर रूममध्ये तो ऑक्सिजनला ढकलून देतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने तशी होत नाही, म्हणून माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. ड्राय आइस घेऊ नका, तो स्वतःच कार्बन डायऑक्साइड आहे, माणसाला दम लागणार, तो दारावर धडका मारणार आणि ते सगळं त्याच्या कॉलर माईकवर रेकॉर्ड होणार. जिथे नायट्रोजन ठेवतात तिथे ऑक्सिजनचा अलार्म असायला हवा आणि कोल्ड रूमला आतून उघडायची कडी असते. अलार्म कोणी बंद केला आणि कडी कोणी ढिली केली, तपास सगळा एवढाच.

प्रश्न : बक्षिसाच्या रकमेसाठी कोणी खून करेल हे मलाच पटत नाहीये.

मलाही नाही. त्यापेक्षा लाज मोठी. एडिटिंगमध्ये ज्याला सीझनभर खलनायक बनवलं त्याचा राग घ्या, किंवा चोरलेली रेसिपी. गुप्त पदार्थ फुटलाय हे तर फारच चांगलं. जपानमध्ये १९९३ ला सुरू झालेल्या 'आयर्न शेफ'मध्ये मुख्य पदार्थ आयत्या वेळी उघड करायचा आणि ६० मिनिटांत त्यावर जेवण उभं करायचं, तुमच्या शोमध्येही तसंच असेल आणि एकजण आधीपासूनच तयारीने आला असेल, तर त्याला कोणीतरी सांगितलंय. अमेरिकेत १९५० च्या दशकात क्विझ शोमध्ये काही स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवली होती, १९५९ मध्ये त्यावर तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, सुनावण्या झाल्या आणि १९६० मध्ये अशी फिक्सिंग गुन्हा ठरवणारा कायदा आला. म्हणजे ज्याला हे माहीत आहे त्याचं तोंड बंद करायला कारण भक्कम.

अजून एक. निकाल टेलिकास्टच्या बऱ्याच आधी ठरलेला असतो आणि सगळ्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते. विजेत्याचाच खून मधल्या काळात झाला तर? पोलिसांना वाटतंय हा बाविसाव्या नंबरचा कोणी साधा स्पर्धक, आणि युनिटमधलं कोणीच तोंड उघडत नाही.

प्रश्न : डिटेक्टिव्ह शेफ असावा का?

शेफ बरेच झालेत. असिस्टंट एडिटर घ्या, तिने सगळं फुटेज पाहिलंय आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही.

प्रश्न : शोचं नाव खरंच ठेवू की बदलू?

बदला, सरळ बदला. खऱ्या शोचं नाव ठेवलंत की वाचक खऱ्या जजचे चेहरे शोधत बसतो, आणि त्या शोच्या नियमांत तुम्ही अडकता. स्वतःचा शो असला की किती राउंड, कोण कधी चाखणार, एलिमिनेट झालेले कुठे थांबणार हे सगळं तुमच्या खुनाच्या सोयीने ठरवता येतं. फक्त हे नियम पहिल्याच प्रकरणात होस्टच्या तोंडून वदवून घ्या, तो तसाही दर ब्रेकनंतर तेच तेच सांगत असतो.