न दिलेले मत कोणाच्या बाजूने मोजतात?

प्रश्न : मी दादरला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या सांगण्यावरून कॉसमॉस हब या ब्लॉकचेनची (अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या सामायिक नोंदवहीची) थोडी अ‍ॅटम टोकने घेतली आणि एका व्हॅलिडेटरकडे (व्यवहार तपासून नोंदवहीत नोंदींचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, जोडणाऱ्याकडे) स्टेकिंगला, म्हणजे मोबदल्यासाठी अडकवून, ठेवली. मध्यंतरी वॉलेटमध्ये ‘प्रस्ताव मतदानासाठी खुला, ५ दिवस शिल्लक’ अशी सूचना दिसली. विषय कळला नाही म्हणून मी काहीच केले नाही. आमच्या सोसायटीच्या सभेला जो येत नाही त्याचे मत कोणी मोजत नाही. इथेही तसेच समजायचे का?

उत्तर : तसे समजू नये. सोसायटीत सदनिका लहान असो वा मोठी, एका सभासदाला एकच मत असते आणि ते त्याने स्वतः हजर राहून द्यायचे असते. मुखत्याराला पाठवून चालत नाही. टोकने अडकवणाऱ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या, म्हणजे प्रूफ ऑफ स्टेक पद्धतीच्या, ज्या साखळ्यांवर (ब्लॉकचेनवर) कारभाराचे निर्णय साखळीवरच मतदान घेऊन होतात, तिथे मत स्टेकमध्ये अडकवलेल्या टोकनांच्या प्रमाणात मिळते. कॉसमॉस हबवर आपण मत दिले नाही, पण आपल्या व्हॅलिडेटरने दिले, तर आपल्या टोकनांचे वजनही त्याच्याच बाजूने धरले जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर स्टेकिंग करताना आपण एका मुखत्यारपत्रावर सही करून ठेवलेली आहे. व्हॅलिडेटरही गप्प राहिला, तरच आपली टोकने मोजणीबाहेर राहतात.

हे मुखत्यारपत्र मोडण्यासाठी मात्र कोणाची परवानगी लागत नाही. समजा, व्हॅलिडेटरकडे सर्वांची मिळून १,००० टोकने आहेत, त्यांतली ५० आपली आहेत आणि त्याने ‘होय’ म्हटले आहे. बाकी सारे गप्प असतील, तर मोजणीत १,००० ‘होय’ पडतील. मुदत संपायच्या आत आपण वॉलेटमधून ‘नाही’ नोंदवले, तर ९५० ‘होय’ आणि ५० ‘नाही’ अशी विभागणी आपोआप होईल. मुदतीत मत बदलताही येते आणि शेवटचे तेवढे ग्राह्य धरतात. मत दिले नाही म्हणून दंड होत नाही किंवा मोबदला कापला जात नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा : मोजणी मुदतीच्या अखेरीस, त्या घटकेला स्टेकमध्ये असलेल्या टोकनांवर होते. मत देऊन दुसऱ्या दिवशी टोकने सोडवायला काढली, तर ती हाती यायला २१ दिवस लागतात आणि त्या काळात त्यांचे मत धरले जात नाही.

आता मोजणीविषयी. मतदाराला ‘होय’, ‘नाही’, ‘तटस्थ’ आणि ‘नकाराधिकारासह नाही’ असे चार पर्याय असतात. स्टेकमधील एकूण टोकनांपैकी किमान ४० टक्क्यांनी मतदान केले नाही, तर प्रस्ताव तिथेच पडतो. सोसायटीच्या नोटिशीत खाली छापलेले असते, की कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही. ती सोय इथे नाही. तटस्थ मते कोरममध्ये मोजतात, पण ‘होय’ आणि ‘नाही’ यांची तुलना करताना बाजूला ठेवतात. चौथा पर्याय सर्वांत तिखट आहे : दिलेल्या एकूण मतांपैकी एकतृतीयांशाहून अधिक मते त्याला पडली, तर ‘होय’ कितीही असोत, प्रस्ताव फेटाळला जातो आणि तो मांडताना भरलेली अनामत नष्ट केली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटमच्या संपूर्ण पुनर्रचनेचा ८२ क्रमांकाचा प्रस्ताव असाच कोसळला. त्याला ‘होय’ मते अधिक होती, पण सुमारे ३७ टक्के मते नकाराधिकाराची होती.

आपल्या खिशाशी थेट संबंध असलेले उदाहरण पुढच्या वर्षीचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ८४८ क्रमांकाच्या प्रस्तावाने नव्या अ‍ॅटमच्या निर्मितीची वार्षिक कमाल मर्यादा २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. ‘होय’ सुमारे ४१ टक्के, ‘नाही’ सुमारे ३८ टक्के आणि उरलेली बहुतेक तटस्थ, इतक्या थोडक्यात तो मंजूर झाला आणि मुख्यतः नव्या अ‍ॅटममधून मिळणारा स्टेकिंगचा मोबदला सर्वांसाठीच घटला. व्हॅलिडेटरची कमाई याच मोबदल्यावरच्या कमिशनमधून होते. त्यामुळे अशा विषयात त्याचे हित आणि आपले हित एकच असेल, हे गृहीत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने पूर्वी कोणत्या प्रस्तावावर काय मत दिले, हे साखळीवर उघड असते. कमिशनचा दर पाहून व्हॅलिडेटर निवडणारे पुष्कळ भेटतात. ही नोंद उघडून पाहणारा क्वचितच.

मंजूर झालेले सगळेच आपोआप अमलात येते असेही नाही. वरच्यासारखा आकड्यातला बदल किंवा सामायिक निधीतून रक्कम देणे हे साखळी स्वतः करते. सॉफ्टवेअर बदलायचे असेल, तर ठरलेल्या क्रमांकाच्या ब्लॉकपाशी साखळी थांबते आणि पुरेशा व्हॅलिडेटरांनी नवी आवृत्ती चालू केल्यावरच पुढे सरकते. नुसता मजकुराचा ठराव असेल, तर तो सोसायटीच्या इतिवृत्तातल्या ठरावाइतकाच. पाठपुरावा माणसांनीच करायचा.

प्रश्न : माझी टोकने एक्स्चेंजवरच, म्हणजे जिथून विकत घेतली त्या कंपनीच्या खात्यातच, पडून आहेत. माझ्या वतीने मत कोण देते? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : साखळीच्या दृष्टीने ती टोकने एक्स्चेंजची आहेत, कारण टोकने हलवण्याची गुप्त चावी (पासवर्डसारखा सांकेतिक क्रमांक) त्यांच्याकडे आहे. बहुतेक वेळा ती मतदानात उतरवली जात नाहीत, पण तशी हमी नसते. मार्च २०२० मध्ये स्टीम या साखळीच्या ताब्यावरून वाद पेटला, तेव्हा काही मोठ्या एक्स्चेंजांनी ग्राहकांची टोकने मतदानासाठी अडकवली आणि ब्लॉक तयार करणारे निवडून आलेले प्रतिनिधी एका दिवसात बदलले गेले. स्टीममध्ये अडकवलेली रक्कम सुटायला १३ आठवडे लागत. टीका झाल्यावर एक्स्चेंजांनी मते मागे घेतली, पण नाराज सभासदांनी २० मार्चला हाइव्ह नावाची वेगळी साखळी काढली. हरलेल्या गटाला नियमांची प्रत उचलून वेगळे घर मांडता येते, ही ब्लॉकचेनची सोय आपल्या सोसायट्यांना अजून मिळालेली नाही!

प्रश्न : इथेरियमही सप्टेंबर २०२२ पासून प्रूफ ऑफ स्टेकवर आहे. तिथे असे मतदान कुठे करायचे? (हेच वाचक)

उत्तर : कुठेच नाही. तिथे बदलांचे प्रस्ताव उघड चर्चेतून आणि विकासकांच्या बैठकांतून ठरतात, आणि संगणक चालवणाऱ्यांनी नवी आवृत्ती घेतली की ते लागू होतात. किमान ३२ ईथर अडकवणाऱ्या व्हॅलिडेटरला ब्लॉक मांडण्याचा आणि इतरांचे ब्लॉक ग्राह्य आहेत असे नोंदवण्याचा अधिकार मिळतो. नियम बदलायचे की नाही, यावर टोकनांच्या वजनाने मोजणी होत नाही.