जुनी कॅलेंडरं टाकू नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. विधी सेवा प्राधिकरणाचं प्रशिक्षण संपलं, विधी स्वयंसेवकाचं ओळखपत्र हातात आलं आणि सोमवारपासून तू तालुक्याच्या मदत कक्षात बसणार. खूप बरं वाटलं. शेवटी तू विचारलं आहेस, ‘ताई, कलमं पाठ झाली, पण बाई समोर बसली की आधी काय विचारू?’ मी वकील नाही, तूही नाहीस. वीस वर्षं मी घरात छळ सोसणाऱ्या बायकांचे, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे अर्ज लिहिले, त्यात जे कळलं ते सांगते.

आधी विचार, ‘तू इथं आलीस हे घरी कुणाला माहीत आहे का? आज रात्री कुठं राहणार?’ उत्तर ऐकून तिच्या जिवाला आजच धोका आहे असं वाटलं, तर अर्ज बाजूला ठेव. तातडीच्या मदतीचा 112 आहे, महिला हेल्पलाइनचा 181 आहे, संकटातल्या बायकांना आसरा देणारं जिल्ह्याचं सखी केंद्र आहे. कागद उद्याही लिहिता येतो.

धोका नसेल, तर तारखांकडे वळ. बायका तारखा सांगत नाहीत. ऊसतोडीला जाणारी एक बाई माझ्यासमोर बसली होती. कधी मारलं विचारलं की एकच उत्तर, ‘नेहमीच.’ घटना अहवालात, म्हणजे नमुना 1 मध्ये, तारीख, वेळ, जागा आणि कुणी केलं याचे रकाने असतात. ‘नेहमीच’ तिथं कुठं लिहायचं? मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, शेवटचं मारलं तेव्हा फडात होतात की गावात? ती म्हणाली, ‘फडातच. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधी. पाडव्याला गावाकडं आलो, त्याच्या चार दिवस आधी.’ मी कपाटातून 2023 चं कॅलेंडर काढलं. पाडवा 22 मार्चला होता, म्हणजे 18 मार्च. मग ती आपणहून बोलू लागली. आदल्या वर्षी पोळ्याला, त्याआधी नणंदेच्या हळदीला, आणि एकदा धाकट्याला गोवरची लस दिली त्या रात्री. लसीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर शिक्क्यासह होती. दीड तासात सहा घटना मिळाल्या, प्रत्येकीला खुंटी होती.

हे मी तुला इतकं रंगवून का सांगते? कारण बरेच जण इथंच घाई करतात. टायपिस्टकडे तयार मसुदा असतो, ‘लग्न झाल्यापासून गैरअर्जदार हा अर्जदाराचा सतत शारीरिक व मानसिक छळ करत आहे.’ नाव बदललं की तोच कागद कुणालाही चालतो. पुढं उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, ‘सतत म्हणजे रोज का? मग अमुक यात्रेतला हा हसरा फोटो कसला?’ आणि खरं बोलणारी बाई खोटी ठरते. आठवत नसेल तिथं ‘अंदाजे’ लिही, ‘पोळ्याच्या आसपास’ लिही. ओढूनताणून तारीख बसवू नकोस. चार घटना असतील तर चारच लिही.

अहवालात लैंगिक हिंसेचाही भाग आहे. तो बहुतेक वेळा कोरा राहतो, कारण बाईसोबत भाऊ किंवा आई बसलेली असते. सोबत आलेल्यांना चहाला पाठव. एकदाच विचार, हलक्या आवाजात, आणि ती गप्प राहिली तर थांब. दुसऱ्या भेटीत ती स्वतः सांगेल किंवा नाही सांगणार. दोन्ही चालतं.

आर्थिक हिंसेच्या भागावर मात्र तुझी खरी मेहनत लागेल. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात पडते आणि बाईनं पाच-सहा महिने मोळ्या वाहिल्या त्याची कुठंच नोंद नसते. मग तीच सांगते, ‘मी काही कमवत नाही.’ तिला विचार, यंदा कोयत्याला उचल किती मिळाली, कुणी घेतली, किती फिटली. अर्जात ते लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिचं प्रतिज्ञापत्र भरताना मुकादमाच्या वहीतला हिशेब तिच्या तोंडून ऐकलेला असला, तर वकिलाचं अर्धं काम होतं.

त्यानंतर मागणी. ‘मला न्याय मिळावा’ असं लिहून थांबू नकोस. काय मागितलं ते कागदावर नसेल तर दंडाधिकारी काय देणार? कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात संरक्षणाचा आदेश कलम 18 मध्ये आहे, घरात राहण्याचा 19 मध्ये, पैशांचा 20 मध्ये, मुलांच्या ताब्याचा 21 मध्ये, भरपाईचा 22 मध्ये. पण तिला कलम विचारू नकोस, वस्तू विचार. ‘तुझं तिथं काय काय राहिलं?’ माझ्याकडच्या एकीनं बोटं मोजत सांगितलं होतं, मणी-डोरलं, शिलाई मशीन, दोन शेळ्या, थोरलीचा शाळेचा दाखला आणि आधार कार्ड. मशीन माहेरच्यांनी लग्नात दिलं होतं. मी तसंच, त्याच क्रमानं लिहिलं. स्त्रीधन आणि तिच्या इतर वस्तू परत करण्याचा आदेश कलम 19 खालीच मागता येतो. तातडीनं काही हवं असेल तर कलम 23 चा अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज आणि त्याचं नमुना 3 मधलं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी तयार कर. ते मागं राहिलं की बाई तारखांवर तारखा मोजत बसते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून व्हायची नाही. सुरुवातीच्या काळात एक बाई सासर सोडून बहिणीकडे राहत होती. मी अर्जात तिचा पत्ता लिहिला, बहिणीच्या नवऱ्याचं नाव, गल्ली, मारुतीच्या देवळामागं, सगळं नीट. अर्जाची प्रत समन्ससोबत नवऱ्याला जाते हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. नोटीस मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो त्या देवळामागं उभा होता. बहिणीनं दार लावून घेतलं, शेजारी धावले, म्हणून निभावलं. त्या दोघींना ते घर सोडावं लागलं. आजही कुठल्याही अर्जावर पत्त्याची ओळ आली की माझा हात थांबतो. कलम 27 मुळे ती तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, त्यासाठी हद्द दिसायला हवी. पण नेमकं घर कागदावर कसं ठेवायचं, हे लिहिण्याआधी वकिलांना आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना विचार. तिचा नवीन मोबाइल नंबरही असाच जप.

फोटो, ऑडिओ, मेसेज मूळ फोनमध्येच राहू देत, तुझ्या फोनवर घेऊन तिचे पुसू नकोस. सरकारी दवाखान्याचा केसपेपर शोध. लग्नाचा दाखला नसेल तर पत्रिका आणि फोटो. आणि कागद अपुरे म्हणून कुणाला परत पाठवू नकोस.

तुझी मर्यादा कुठं संपते ते स्पष्ट असू दे. ‘ही केस तू जिंकशील’ असं कधी म्हणायचं नाही. नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या छळाचं फौजदारी कलम 498-अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85, लावायचं की नाही, घटस्फोट मागायचा की नाही, हे सल्ले वकिलांनी द्यायचे. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यानं तिला मोफत वकील मिळतो. तो अर्ज तू भरून दे आणि तो मंजूर होईपर्यंत मागं लाग. तिच्याकडून एक रुपया घेऊ नकोस. लिहिलेलं सगळं तिला तिच्या बोलीत वाचून दाखव, आणि ‘असं नाही, तसं’ म्हणाली तर खाडाखोड न करता पान नवं लिही. अंगठा असो की सही, वाचून झाल्यावरच.

समेट घडवायला तर अजिबात बसू नकोस. गावचे चार लोक येतील, शंभराच्या बाँडपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी दाखवतील, ‘ताई, मिटलंय’ म्हणतील. त्या कागदाखाली तिची सही असते आणि वर काय लिहिलंय ते तिला ठाऊक नसतं. भांडू नकोस. झेरॉक्स काढून घे आणि वकिलांना दाखव. कुणाच्या तरी सहीनं कोर्टाबाहेर लग्न मोडलं, हे इतक्या सहज होत नाही.

तिला वेळेबद्दल खरं सांग. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि तिथून 60 दिवसांत निकाल. प्रत्यक्षात बरेच महिने, कधी वर्षं जातात. हे आधी सांगितलं तर ती तिसऱ्या तारखेला खचत नाही. ‘नवऱ्याला लगेच जेल होईल’ या भीतीनं कुणी मागं सरकत असेल तर सांग, हा कायदा आधी संरक्षण, घर आणि पैसा देतो. तुरुंगाचा प्रश्न आदेश मोडला तर येतो, कलम 31 खाली, एक वर्षापर्यंत.

आणि ती परत सासरी गेली तर? जातात. मुलांसाठी जातात, हंगाम सुरू होतो म्हणून जातात, दुसरा कोयता कोण धरणार म्हणून जातात. तू रागावलीस तर पुढच्या वेळी ती तुझ्याकडे यायची नाही. फाइल बांधून ठेव, वर तारीख घाल. माझ्याकडे एक फाइल बराच काळ तशीच होती. मग एका दुपारी ती बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘तो कागद आहे का अजून?’ होता. त्याच सहा तारखांपासून पुढं लिहायला घेतलं.

सोमवारी मी दहाला पोचते. 2014 पासूनची कॅलेंडरं तुझ्यासाठी काढून ठेवली आहेत, फक्त 2017 चं सापडत नाही. तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एकावर एक लावलेली मी पाहिली होती. तिला विचारून तेवढं एक घेऊन ये.

तुझी,
ताई