‘दिव्यांग भगिनींना बसवण्यात येईल’: शब्द कोणता, आणि वाक्यात ती कुठे?

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका महिला मंडळाला हळदीकुंकवाच्या निमंत्रणात शेवटी एक ओळ घालायची आहे. मसुदा: ‘दिव्यांग भगिनींची विशेष सोय केली असून त्यांना पुढच्या रांगेत बसवण्यात येईल.’ यावर मंडळात एकमत होईना. एकीच्या मते ‘अपंग’ आता चालत नाही, दुसरीला ‘दिव्यांग’ गोडगोड वाटतो, तिसरी म्हणते ‘विकलांग’च शुद्ध. यातला बरोबर कोणता?

आधी थोडक्यात. अर्ज, दाखला, योजनेचं नाव असेल तिथे ‘दिव्यांग’ लिहावं, कारण कागदोपत्री आता तोच शब्द आहे. एरवी ‘अपंग स्त्री’ किंवा ‘अपंगत्व असलेली स्त्री’. ‘विकलांग’ चूक नाही, पण तो हिंदीत जास्त चालतो, आणि ‘विकल’ म्हणजे उणा किंवा व्याकूळ, त्यामुळे तो घेऊन काही साधत नाही.

‘दिव्यांग’ तसा अगदी अलीकडचा. पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये रेडिओवरच्या भाषणात तो सुचवला, पुढच्या वर्षी केंद्राच्या अपंगविषयक खात्याचं हिंदी नाव बदललं, अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याच्या हिंदी नावात ‘दिव्यांगजन’ आलं. पुण्यातलं अपंग कल्याण आयुक्तालयही आता दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं आहे. अपंगांच्या चळवळीतून या शब्दाला सुरुवातीपासून विरोध झाला, आणि तो मला रास्त वाटतो. भाववाचक नाम करून पाहा: ‘अपघातात तिला दिव्यांगत्व आलं.’ अपघातात दिव्य काही येत नाही. शिवाय मराठीत ‘दिव्य’ म्हणजे कठोर परीक्षाही, अग्निदिव्यातलं दिव्य. बाईला देवी म्हणायचं आणि दिव्यही तिलाच करायला लावायचं, हे आपल्याकडे जुनंच आहे. पायरी उंच असलेल्या बसमध्ये कुबड्या घेऊन चढणं हे दिव्यच, पण ते अंगामुळे नव्हे, पायरीमुळे.

पण या प्रश्नात विशेषणापेक्षा मोठी गोष्ट लिंगाची आहे, आणि ती मराठीतच नीट दिसते. ‘अपंग’चं रूप लिंगानुसार बदलत नाही: अपंग पुरुष, अपंग स्त्री, अपंग मूल. ‘आंधळा, लंगडा, मुका, पांगळा’ यांना मात्र तिन्ही लिंगं आहेत, आणि माणसाबद्दल बोलताना आपण फार सहज तिसऱ्यावर जातो. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.’ पिढ्यानपिढ्या जात्यावर बसली ती बाई. पण बहुतेकांच्या तोंडी असलेल्या म्हणीत ती बाई राहत नाही, ‘आंधळं’ होते. ‘त्यांच्या घरात एक पांगळं आहे’, ‘ते मुकं काय सांगणार’ ही वाक्यं रोज ऐकू येतात. नपुंसकलिंग मराठीत वाईट नाही. लेकरू, पोरगं, बाळ, कोकरू ही मायेचीच नामं. अडचण तीच आहे. पस्तीस वर्षांच्या बाईला नपुंसकलिंगी क्रियापद लावलं की ती घरातलं लेकरू होते, आणि लेकराला कुणी काही विचारत नाही. ‘विशेष मुलं’ हा शब्दही प्रौढांना सर्रास लावला जातो, तिथेही हेच होतं.

याची किंमत किती, ते 1994 साली पुण्यातच दिसलं. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या ज्यांना तेव्हा ‘मतिमंद मुली’ म्हणत, त्यांतल्या काहींची गर्भाशयं ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. त्यांत प्रौढ स्त्रियाही होत्या, पण चर्चेत सगळ्या ‘मुली’च. स्त्री-संघटनांनी जोरदार विरोध केला. आता 2016 च्या कायद्याच्या कलम 10 प्रमाणे, वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, मोकळ्या आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. संमती द्यायला आधी वाक्यात कर्ता असावं लागतं.

म्हणून तुमच्या मसुद्यातली क्रियापदं पाहा. ‘सोय केली’, ‘बसवण्यात येईल’. बसणे नव्हे, बसवणे, म्हणजे प्रयोजक क्रियापद, दुसऱ्याकडून करवून घेण्याचं. अपंग बाईबद्दलची बहुतेक मराठी वाक्यं अशीच असतात: तिला नेलं, तिला बसवलं, तिला भरवलं. ती ‘ला’ लावून येते, कर्ता दुसराच. ‘व्हीलचेअरला खिळलेली’ हेही सोडून द्या. खिळते ती अंथरुणाला. व्हीलचेअर मिळाली की बाई घराबाहेर पडते, म्हणून ‘व्हीलचेअर वापरणारी’ लिहावं. ‘पोलिओग्रस्त’ऐवजी ‘पोलिओ झालेली’. ‘मूकबधिर’ नको, ‘कर्णबधिर’ लिहावं, कारण खुणांची भाषा बोलणारी बाई मुकी नसते. ‘अंध’ मात्र बिनदिक्कत वापरा. आणि विरुद्धार्थी म्हणून ‘नॉर्मल’ किंवा सरकारी योजनांमधला ‘अव्यंग’ घेऊ नका. एकीला अव्यंग म्हटलं की दुसरी आपोआप व्यंग ठरते. ‘अपंग नसलेली’ पुरेसं आहे.

‘विशेष सोय’ हे शब्दही काढा, कारण ते वाचून येणारीला काहीच कळत नाही. तिला आकडे हवे असतात. पायऱ्या किती? उतार आहे का? उताराचं प्रमाण 1:12 लागतं, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर उंचीला 12 सेंटिमीटर लांबी. पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर उतार 3.6 मीटर लांब आणि निदान 1.2 मीटर रुंद हवा. आयत्या वेळी चार फुटी फळी टाकली तर तो उतार साधारण 1:4 होतो, चढताना खुर्ची मागे कलंडते आणि मग चारजणी तिला ‘उचलून’ आणतात. पुन्हा तेच, कर्ता दुसराच! दार 90 सेंटिमीटर मोकळं हवं. घोटलेली फरशी पाण्यानं निसरडी होते, तिच्यापेक्षा खडबडीत शहाबादी बरी.

स्वच्छतागृहाच्या पाट्या पाहिल्या की व्याकरणातलं तिसरं लिंग भिंतीवर दिसतं. स्त्रिया, पुरुष, आणि व्हीलचेअरचं चित्र असलेलं तिसरं दार. असं सामाईक स्वच्छतागृह उपयोगाचं असतं, मदतीला नवरा किंवा भाऊ आला तर फारच. पण तिथे पाळी असलेली बाई येईल हा विचार बरेचदा नसतो: पॅड टाकायचा डबा नाही, असला तर पायानं दाबून उघडायचा, म्हणजे व्हीलचेअरवरून निरुपयोगी. वर दार आत उघडणारं, त्यामुळे कुणी आत पडलं तर बाहेरून उघडत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, आत 1.5 मीटर व्यासाची मोकळी जागा हवी, आणि डबा हातानं उघडता येईल असा.

‘भगिनी’ राहू द्यायचा तर सगळ्यांनाच भगिनी म्हणा. वर ‘समस्त महिलांना’ आणि खाली फक्त ‘दिव्यांग भगिनी’ असं केलं की त्या महिलांमधून वगळल्या जातात.

ओळ अशी लिहिता येईल: ‘कार्यक्रम तळमजल्यावर आहे. दारात दोन पायऱ्या असून शेजारी कठडा असलेला उतार आहे. व्हीलचेअरवरून वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे. पुढच्या रांगेत व्हीलचेअरसाठी दोन जागा मोकळ्या आहेत. मागे किंवा मैत्रिणीशेजारी बसायचं असेल तर तिथली खुर्ची काढून देऊ. आणखी काही लागणार असेल तर स्वतः फोन करून सांगा.’ यात अपंग, दिव्यांग, विकलांग यांतला एकही शब्द लागला नाही. यातलं जे तुमच्या सभागृहात नाही, ते मात्र लिहू नका. उतार नसेल तर ‘दोन पायऱ्या आहेत, उतार नाही’ असंच लिहा, म्हणजे तिला घरूनच ठरवता येईल. फोन उचलणारीनंही ‘घरच्यांना द्या’ म्हणू नये.