बांधून ठेवलेलं बटण

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंटर्नशिप तोंडावर आली आहे. तिला क्लिनिक उघडून द्यावं म्हणून तुम्ही सातपूरला घराजवळ गाळासुद्धा बघून ठेवलाय. आणि ती म्हणते, क्लिनिक नको, मला कारखान्यांत अर्गोनॉमिक्सचं काम करायचंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे नक्की काय असतं, यात पोट भरतं का, आणि तिसरी तुमच्याच शब्दांत, "प्रेस शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणानेच होतात, माझाही तसाच झाला. त्यात फिजिओथेरपीवाली काय करणार?"

तिसऱ्यापासून सुरुवात करतो.

तुमचा प्रेस, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणारं यंत्र, दोन बटणांचा होता. दोन्ही हात बटणांवर असले तरच स्ट्रोक पडायचा, म्हणजे वरचा साचा खाली यायचा. तुम्ही डावं बटण चिंधीने बांधून ठेवलंत. उजव्या हाताने बटण दाबायचं, डाव्याने पीस काढायचा. डाव्या तर्जनीचं पेर गेलं. "चूक माझीच," असं तुम्ही लिहिता. चौकशीच्या कागदावरही तेच लिहिलं असणार.

पण पत्राच्या मागच्या पानावर, भलत्याच संदर्भात, तुम्ही लिहिलंय की त्या काळात खांदे इतके भरून यायचे की रात्री कुशीवर झोपता यायचं नाही, आणि हल्ली मुलगी त्याचे व्यायाम करून घेते. बटणं कुठे बसवली होती तेही तुम्हीच सांगितलंय: "मानेच्या उंचीला." तासाला सहाशे पीसचं टार्गेट म्हणजे आठ तासांत चार हजार आठशे वेळा दोन्ही हात मानेपर्यंत. साहेब, अशा ठिकाणी कुठलाही शहाणा माणूस पंधरा दिवसांत चिंधी शोधतो. बोट गेलं ते एका क्षणात, पण त्याची तयारी खांद्यात कित्येक महिने चालू होती. तुमचा खांदा आणि तुमचं बोट, दोन्ही एकाच बटणाचे बळी आहेत.

शिवाय चिंधीने प्रेस फसावा, हाही दोष प्रेसचाच. नीट केलेल्या दोन हातांच्या कंट्रोलमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत जोडीने दाबावी लागतात आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात. एक बांधून ठेवलं की प्रेस उतरतच नाही. मग बटणं कमरेच्या जरा वर, कोपराच्या उंचीला आणली आणि पीस काढायला साधं इजेक्टर किंवा चिमटा दिला, की बांधायची गरजही उरत नाही. यात कामगाराला उपदेश कुठेच नाही. तुमची मुलगी जे करू म्हणतेय ते अर्गोनॉमिक्स हेच: काम आणि यंत्र माणसाच्या शरीराला जुळवून घेणं.

या विषयाची एक जुनी गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण तीही बटणांचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बाँबफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक चाकंच वर ओढून घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. कागदावर कारण एकच: वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिलं, तर चाकांचा खटका आणि फ्लॅप्सचा, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपांचा, खटका अगदी शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. डाकोटा या मालवाहू विमानात हे दोन खटके एकमेकांपासून लांब होते, तिथे ही चूक जवळपास होतच नव्हती. माणसं तशीच, प्रशिक्षण तसंच. त्याने एका खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. हात अंधारातही ओळखेल असा. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

कारखान्यात मात्र 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आपण बिल्ले लावतो, शपथ घेतो, 'सुरक्षा तुमच्या हाती' असं पोस्टर चिकटवतो आणि 5 मार्चला बटण मानेच्याच उंचीला असतं. माझा पोस्टरला विरोध नाही. पोस्टरवर काम भागवण्याला आहे.

आता रोजचं काम कसं असतं ते. उदाहरणार्थ, वजन उचलणं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं यासाठी एक सूत्र आहे. सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, धरायला चांगली मूठ, वळावं लागत नाही आणि उचलायचं ते कधीतरीच, तर मर्यादा 23 किलोची. तेच ओझं घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटीमीटर पुढे धरावं लागलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा. खोल बिनच्या, म्हणजे पार्ट ठेवायच्या पेटीच्या, तळातून पार्ट काढणारा माणूस नेमका तसाच वाकलेला असतो. बिन थोडा तिरपा केला, खाली स्प्रिंगचं स्टँड दिलं, की पार्टचं वजन तेवढंच राहून मर्यादा बदलते. आपल्याकडे सिमेंटची गोणी 50 किलोची आणि ती पाठीवर घेणाऱ्या माथाडींसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये कायदा केला. त्याने मजुरीचं आणि कल्याणाचं बरंच पाहिलं. पाठीवरची गोणी मात्र 50 चीच राहिली. काम भरपूर शिल्लक आहे, एवढंच म्हणतो.

माझ्याकडे सल्ल्याला आलेली एक मुलगी, तीही फिजिओ, आता चाकणला एका कारखान्यात हे काम करते. पहिल्या दिवशी हातात टेप आणि मोबाइल घेऊन ती लाईनवर उभी राहिली, तर ऑपरेटरांनी कामाचा वेग निम्म्यावर आणला. तिला कळेना. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, टाइम स्टडीला आलात का?" मोजमाप करणारं माणूस दिसलं की टार्गेट वाढणार, हा त्यांचा अनुभव. तेव्हापासून ती आधी टेप काढतच नाही. जेवणाच्या सुट्टीत बसते आणि विचारते, "घरी गेल्यावर काय दुखतं?" माणसं मग स्वतःच उठून करून दाखवतात. रुला, रेबा असल्या गुणतक्त्यांनी शरीराची ठेवण मोजता येते, ते आठवडाभरात शिकता येतं. हे विचारणं शिकायला वेळ लागतो. तुमच्या मुलीने ते घरातच तुमच्या खांद्यापासून सुरू केलंय.

आता पोटापाण्याचं. 'अर्गोनॉमिस्ट' या नावाची पदं आपल्याकडे थोडी आहेत, हे मी लपवणार नाही. हे काम बहुतेक ठिकाणी सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये किंवा कंपनीच्या दवाखान्यात, दुसऱ्याच नावाखाली चालतं. मोठे वाहन कारखाने, औषध कंपन्या, गोदामं यांना गरज आहे, पण ती गरज पटवून देणं हेही कामाचाच भाग. एक गोष्ट आधीच स्पष्ट करा: कायद्याने नेमावा लागणारा सेफ्टी ऑफिसर ती होऊ शकणार नाही. फॅक्टरी ॲक्टमध्ये कारखान्यात हजार कामगार असले की तो बंधनकारक होता, 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने ती संख्या 500 वर आणली, म्हणजे जागा वाढणार; पण त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी-पदविका किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी, वर अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा लागतो. फिजिओथेरपीची पदवी त्यात बसत नाही. कुणी क्लासवाला "आमचा सेफ्टीचा कोर्स करा, लगेच ऑफिसर" म्हणाला तर फी भरण्याआधी हा नियम त्याच्यासमोर ठेवा.

माझं मत असं: इंटर्नशिप संपल्यावर लगेच पुढच्या शिक्षणाच्या मागे लागू नये. एक-दोन वर्षं एखाद्या मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात काम करावं. तिथे रुग्ण येतो तो मशीनवरून उठून, आणि ते मशीन शंभर पावलांवर असतं, जाऊन बघता येतं. क्लिनिकमध्ये ही सोय नाही. त्यानंतर दोन वाटा. आरोग्याच्या अंगाने जायचं तर कम्युनिटी फिजिओथेरपीत एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी. वस्तू आणि यंत्रं बदलण्याकडे ओढा असेल तर डिझाइन: आयआयटी मुंबईचं आयडीसी, आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभाग. त्यासाठी सीड ही परीक्षा असते आणि बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी असलेल्याला ती देता येते. पण कुठल्या शाखेला कुठली पदवी चालते हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहायचं, सांगोवांगी नको. मध्येच एखाद-दुसरं छोटं प्रशिक्षण हवं असेल तर मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, तिथलं संशोधन तिने वाचायला घ्यावं.

हिंजवडीकडे 'बसण्याची योग्य पद्धत' सांगणारी व्याख्यानं देऊन पैसे मिळवणारेही बरेच दिसतील. वाईट नाही, पण ती सवय लागली की माणूस खुर्च्या विकणाऱ्यांचा होतो. तिला ते फार लवकर जमू नये, अशी माझी इच्छा.

मुलगी शॉप फ्लोअरवर एकटी कशी वावरेल, हा प्रश्न तुम्ही शेवटी अगदी बारीक अक्षरात लिहिलाय. याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्याकडे चांगलं आहे. अठ्ठावीस वर्षं तुम्ही तिथे आहात. कुठल्या सुपरवायझरशी कसं बोलायचं, कुठल्या मशीनच्या बाजूने जायचं नाही, तेल सांडलेलं कसं ओळखायचं, हे तिला कुठलंही कॉलेज शिकवणार नाही.

गाळ्याचा व्यवहार वर्षभर थांबवता आला तर थांबवा. आणि परवानगी मिळाली तर एखाद्या रविवारी, मेंटेनन्सच्या वेळी, तिला तुमच्या शॉपमध्ये घेऊन जा. प्रेस बंद असताना बटणांची जमिनीपासूनची उंची मोजू द्या. मग तुमच्या कोपराची. दोन्ही आकडे मला कळवा, पुढचं पत्र त्यावर लिहू.

आपला,
करिअर सल्लागार