चमचमता कागद रद्दीत चालेल का?

प्रश्न : नाताळ उरकला की घरात रंगीत कागद, खोकी, बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा यांचा ढीग उरतो. सगळं रद्दीत दिलं तर चालेल का? यंदा कचरा कमी कसा करू?

उत्तर : सरसकट नको. कागद मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर बहुधा साधा कागद. लगेच फुलून उलगडला, तर त्यात प्लॅस्टिक आहे. तो रद्दीत घालू नका. चमकी लावलेला तर नाहीच. (ही चमकी महिनाभर झाडली तरी घरातून हलत नाही, माझा तिच्यावर रागच आहे.) मी भेटी जुन्या सुती कापडात गाठ मारून देते, चिकटपट्टीची भानगडच नको.

माळा ई-कचऱ्यात द्या, आत तांब्याची तार असते. वाजणाऱ्या शुभेच्छापत्रातला बटन सेल मात्र आठवणीने काढा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका; गिळला तर जिवावर बेततं.

राहिलं कृत्रिम झाड. पीव्हीसीची पानं आणि लोखंडी तारा एकमेकांत पिळलेल्या, त्या सोडवत कोण बसणार? घरात आहे तेच दरवर्षी काढा. ते टाकून नवं ‘पर्यावरणपूरक’ झाड आणायला मुळीच निघू नका.