बीटल्सचं ‘द इनर लाइट’ खरंच दुर्लक्षित राहिलेलं भारी गाणं आहे, की चाहते आता उगाच डोक्यावर घेताहेत?

डोक्यावर घेताहेत हे खरं, पण उगाच नाही. माझी तक्रार वेगळीच आहे: सगळे हार एकट्या जॉर्जच्या, म्हणजे बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनच्या गळ्यात पडताहेत.

ज्यांनी हे गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ची सिंगल, म्हणजे दोन बाजूंना दोनच गाणी असलेली छोटी तबकडी आली, तिच्या मागच्या बाजूला जॉर्ज हॅरिसनचं हे अडीच मिनिटांचं गाणं होतं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जची रचना येण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय शंभर गाण्यांच्या यादीत ते जेमतेम ९६व्या नंबरपर्यंत पोचलं आणि गायब झालं. तेव्हाच्या कुठल्याच अल्बमवर ते घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ज्यांच्याकडे ती तबकडी नव्हती त्यांच्या कानावर पडण्याचा फारसा प्रश्नच नव्हता. पुढे १९८८ साली ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहाच्या दुसऱ्या भागात आलं, तर तिथे आधी ‘लेडी मॅडोना’ आणि लगेच नंतर ‘हे ज्यूड’. आता ‘हे ज्यूड’ पुढ्यात असताना मधल्या गाण्यापाशी कोण थांबणार? ‘जॉर्जचं ते इंडियन प्रकरण’ म्हणायचं आणि बटण दाबायचं, असाच बहुतेकांचा खाक्या होता.

बदल सुरू झाला तो माझ्या मते २००२च्या नोव्हेंबरात. जॉर्ज जाऊन वर्ष झालं त्या दिवशी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. तिथे जॉर्जचा संगीतकार मित्र जेफ लिननं हे गाणं गायलं आणि अनुष्का शंकरनं सतार वाजवली. लोकांना पहिल्यांदाच कळलं की अरे, याला चाल आहे! २००६च्या ‘लव्ह’ या अल्बममध्ये ‘हिअर कम्स द सन’च्या शेवटाला याचेच तुकडे जोडले. आणि हो, ‘स्टार ट्रेक’वाल्या मंडळींना हे नाव १९९२ पासून पाठ आहे, कारण त्या मालिकेच्या एका गाजलेल्या भागाचं नाव याच गाण्यावरून ठेवलंय. त्यातल्या किती जणांनी गाणं ऐकलं असेल, देव जाणे.

आता मुद्द्याचं. या गाण्यात एकाही बीटलनं एकही वाद्य वाजवलेलं नाही. वाद्यांचा सगळा भाग मुंबईत रेकॉर्ड झालाय. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज ‘वंडरवॉल’ या सिनेमाच्या संगीतासाठी इथे आला होता. फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे काम चाललं. स्टुडिओ धड साउंडप्रूफ नव्हता. संध्याकाळी साडेपाचला आजूबाजूची ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पायांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा, म्हणून काम थांबवावं लागायचं, असं जॉर्जनंच नंतर सांगितलंय. सिनेमाचं काम उरकता उरकता त्यानं त्याच वादकांकडून या गाण्याचा ट्रॅकही करून घेतला.

आणि वादक कोण, तर सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, ज्यांची शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काबरांबरोबरची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तेव्हा नुकतीच आली होती. तालाला महापुरुष मिश्र. तबकडीवर यांपैकी कुणाचंही नाव नाही. (आपल्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर तरी वादकांची नावं कुठे असायची म्हणा.)

एकदा चांगले हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला सगळी वाद्यं एकदम द्रुत लयीत धावत येतात, सरोदचा कडक टणत्कार पुढे. मग लय अचानक खाली बसते, हार्मोनियम आणि बासरी गायकाच्या बाजूला येऊन उभ्या राहतात आणि जॉर्ज गायला लागतो. कडवं संपलं की पुन्हा धावपळ. ही रचना भावगीतं आणि सिनेमाची गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला अजिबात परकी वाटत नाही. अंतरा झाला की वाद्यमेळ, वाद्यमेळ झाला की अंतरा. जॉर्जच्या आधीच्या दोन भारतीय ढंगाच्या गाण्यांत, म्हणजे ‘लव्ह यू टू’ आणि पाच मिनिटांच्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये, मला विद्यार्थ्याचा अभ्यास ऐकू येतो. इथे मात्र सतार बाजूला ठेवून त्यानं वाजवणाऱ्यांना वाजवू दिलंय. गाणं सुधारलं ते त्यामुळे.

शब्दांचं मला तेवढं कौतुक नाही. केंब्रिजला संस्कृत शिकवणारे हुआन मास्कारो यांनी जॉर्जला आपलं एक पुस्तक पाठवलं आणि त्यातल्या ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातल्या एका कवितेला चाल लाव असं सुचवलं. त्यानं ती जवळपास जशीच्या तशी घेतली. दाराबाहेर पाऊल न टाकता सगळं जग जाणता येतं, असा आशय. तुकोबा ऐकत वाढलेल्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. गायला मात्र त्यानं छान गायलंय, आणि तेही भीत भीत. चाल त्याच्या आवाजाला उंच पडत होती, तो तयार नव्हता, बाकीच्यांनी समजूत घातली. फेब्रुवारीत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ट्रॅकवर त्याचं गाणं रेकॉर्ड झालं, शेवटच्या ओळीला जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी येऊन मिळाले, आणि थोड्याच दिवसांत ही मंडळी ऋषिकेशला रवाना झाली.

तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल तर २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत दिलेला, गाण्याशिवायचा नुसता वाद्यांचा टेक आधी ऐका. तो आवडला नाही तर मूळ गाणं आवडेल याची खात्री मी देणार नाही. आणि बीटल्सची सगळ्यांत भारी बी-साइड कोणती असं विचारलंत, तर माझं मत अजूनही ‘रेन’लाच. हे दुसऱ्या नंबरवर.